तारा बंद करायचं काम

माझ्या मुलीचे ओठ माइकपासून वीतभर अंतरावर होते, हात गिटारच्या तारांवर होता, आणि तेवढ्यात मला तो चमचा दिसला. स्टीलचा साधा चमचा, आमच्याच केटरिंगच्या सेटमधला. जेवणाची टेबलं लॉनच्या पार दुसऱ्या टोकाला मांडली होती, आणि हा मात्र स्टेजच्या बाजूला, एक्स्टेंशन बोर्डाच्या शेजारी गवतात पडला होता. आखातात काही वर्षं काढलेल्या भारतीय माणसाला अशा चमच्याचा अर्थ सांगावा लागत नाही. 

पण मी एवढी का घाबरले ते कळायला आधी गिटार कळायला हवी.

गिटार माझ्या दादाची. दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. आयुष्यभर जहाजांवर इलेक्ट्रिकल ऑफिसर होता, आता निवृत्त होऊन पनवेलला असतो. शाळा संपल्या संपल्या त्याने एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून ही सेकंडहँड इलेक्ट्रिक गिटार पटकावली होती. तो वाजवायचा आणि मी, त्याच्याहून सात-आठ वर्षांनी लहान, त्याच्या शेजारी उभी राहून गायची. गाणं संपलं तरी तारा वाजतच राहायच्या, तेव्हा त्यांच्यावर तळहात ठेवून त्या बंद करायचं काम माझं होतं. त्याने स्वतः बंद केल्या तर मी रुसायची. मग एकाएकी त्याने गिटार माळ्यावर टाकली, ती कायमचीच. का टाकली, ते कुणी विचारलं नाही. आमच्या घरात कुणी काही सोडलं की ‘बरं झालं, आता अभ्यासाला लागेल’ एवढंच म्हणायची पद्धत होती.

गेल्या सुट्टीत पनवेलला दादाचा माळा आवरताना ती माझ्या मुलीच्या हाती लागली. मुलगी बारावीत. इथे आखातातच जन्मलेली, इथेच वाढलेली, मराठीत विचारलं की इंग्लिशमध्ये उत्तर देणारी. ती गिटार सोडेना. दादाने बरेच आढेवेढे घेतले, नवीन घेऊन देतो म्हणाला, तरी पोरगी हटेना. शेवटी त्याने मला बाजूला घेतलं. “ने,” म्हणाला, “पण उघडू नकोस. गुणगुणते जराशी. गुणगुणू दे.”

मी मान हलवली. आता माझा स्वभाव असा आहे की दुसऱ्याच्या घरी ट्यूबलाइट फुरफुरत असेल तर माझं जेवणात लक्ष लागत नाही. मुसाफा नावाच्या इथल्या औद्योगिक वस्तीत, एका वर्कशॉपमध्ये मी मोजमापाच्या उपकरणांचं काम बघते. जहाजांवरचे आणि तेलाच्या टर्मिनलवरचे प्रेशर गेज खोटं बोलायला लागले की आमच्याकडे येतात, आणि आम्ही त्यांना पुन्हा खरं बोलायला लावतो. नवऱ्याचं म्हणणं असं की मी लोकांकडे बारशाला जाऊनसुद्धा बाळाऐवजी पंख्याच्या खडखडाटाकडे बघते. अशा बाईच्या हातात गुणगुणणारी वस्तू द्यायची आणि उघडू नकोस म्हणायचं, ह्यात दादाचंच चुकलं.

शिवाय ‘जराशी’ हा शब्द त्याचा. मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आमच्या घरी ती ॲम्प्लिफायरला जोडली तेव्हा बाहेरच्या खोलीत कुणी पिठाची गिरणी लावलीय की काय असं वाटलं. एसीचा कॉम्प्रेसर सुरू झाला की गुणगुण वाढायची. मुलगी खिडकीकडे वळली की कमी व्हायची, फ्रिजकडे वळली की दुप्पट. आवाज जरा मोठा केला की वरून एक कर्कश शिट्टी. आणि सगळ्यांत विचित्र म्हणजे, तारांना हात लावला की कुठल्याही इलेक्ट्रिक गिटारची गुणगुण कमी होते, हिची होत नव्हती.

पोरगी बिचारी एका ठराविक कोनात उभी राहून सराव करायची. फुजैराला आमच्या ओळखीचं एक कुटुंब आहे, मूळचं श्रीवर्धनचं. बंदराबाहेर नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजांना ते किराणा आणि भाजी पुरवतात, आणि माझ्या नवऱ्याचं केटरिंग असल्याने दोघांचं जमलं. दर हिवाळ्यात एका शुक्रवारी त्यांच्या व्हिलाच्या लॉनवर आपली माणसं जमतात, कुणी गातं, कुणी नकला करतं, आणि जेवण आमच्याकडून असतं. ह्या वर्षी मुलगी तिथे गाणार होती. जूनमध्ये ती पुण्याला कॉलेजला जाणार, म्हणजे इथलं तिचं हे शेवटचंच. एका संध्याकाळी तिने गिटार कोचावर टाकली आणि म्हणाली, “मम्मा, एव्हरीवन विल हिअर ओन्ली द नॉइज.” तिचे डोळे भरले होते. मी स्क्रूड्रायव्हर काढला.

इलेक्ट्रिक गिटारच्या पोटात फारसं काही नसतं. तारांच्या खाली पिकअप असतो, म्हणजे चुंबकांभोवती केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची तार थरथरली की ह्या वेढ्यांत इवलीशी वीज उमटते आणि तीच पुढे आवाज होते. पण हे वेढे मोठे चौकस असतात. घरातल्या सगळ्या विजेचा कानोसा घेतात आणि तोही ॲम्प्लिफायरला सांगतात. वेढे सैल झाले तर ते स्वतःच थरथरायला लागतात, ती शिट्टी. सगळे मला सांगत होते की नवीन पिकअप बसव, आणि बसवला असता तर एका दुपारचं काम होतं. पण गुणगुणीच्या मागे दडलेला त्या जुन्या पिकअपचा आवाज मी ऐकला होता. मधल्या सुरांत भरलेला, कडेला जरासा खरबरीत, झोपेतून नुकत्याच उठलेल्या माणसाच्या आवाजासारखा. तो फेकून द्यायला माझा जीव होईना.

मग मी तो पिकअप मेणात बुडवला. पाण्याच्या पातेल्यात दुसरं पातेलं ठेवून, मेण हळूहळू वितळवून, वेढ्यांतले बुडबुडे निघून जाईपर्यंत. जास्त तापलं तर आतलं प्लॅस्टिक वाकतं आणि घाई केली तर बारीक तार तुटते, आणि तुटली की त्या पिकअपचा आवाज गेलाच. शेगडीपाशी मी श्वास रोखून उभी होते. मागून नवरा आला, ते पातेलं आपल्या बासुंदीचं आहे हे त्याने ओळखलं, पण माझा चेहरा बघून तसाच परत गेला. शिट्टी गेली. गिटारच्या पोकळीला आतून तांब्याचा पातळ पत्रा चिकटवला, तेव्हा गुणगुण अर्धी झाली. राहिलेली अर्धी जाईना.

आणि ते शोधताना मला दादाचे एकेक प्रताप दिसायला लागले. आवाजाची बटणं मूळची धातूची असणार, ती काढून त्याने प्लॅस्टिकची बसवली होती, तीही बेढब, जुन्या रेडिओची. ॲम्प्लिफायरची वायर जोडायच्या जागेवरच्या धातूच्या पट्टीला नेलपॉलिशचे थरावर थर. तारा ज्या धातूच्या पुलावर टेकतात, त्या पुलापासून एक वायर आत येते आणि सगळ्या तारांना अर्थिंगशी जोडते. ती वायर कापलेली होती. तुटलेली नव्हे, कापलेली. कापलेल्या टोकावर सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा तुकडा चढवून वर दोऱ्याने गच्च बांधलेलं.

माझा पारा चढला. जहाजभर वायरी ओढणारा माणूस, आणि स्वतःच्या गिटारीत ही ठिगळं. तारांना हात लावून गुणगुण का जात नाही त्याचं उत्तर तिथे दोऱ्याने बांधून ठेवलं होतं. मी दोरा कापला, ट्यूब ओढून काढली, वायर सोलून जागच्या जागी सोल्डरचा डाग दिला. नेलपॉलिश खरवडलं. बटणंही धातूची, छान जड अशी, आणून बसवली. मुलीने प्लग लावला, आवाज वाढवला, आणि काहीच ऐकू आलं नाही. मग तिने एक तार छेडली आणि तो जुना आवाज एकटाच खोलीत उभा राहिला. मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मला इतका आनंद झाला होता की मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच भांडी घासली.

दादाला मी काही कळवलं नाही. फुजैराहून व्हिडिओ पाठवीन, ऐकून गप्प बसेल, असा माझा बेत होता.

शुक्रवारी दुपारी निघताना नवऱ्याने नेहमीप्रमाणे माझ्यापुढे पोळीभाजी ठेवली. “खाऊन घे. तुला चक्कर येते.” हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय. नऊ-दहा वर्षांची असताना आमच्या बिल्डिंगच्या अंगणात सत्यनारायण होता. मोठ्यांचं बघून मीही उपास धरला होता. पूजेनंतर दादा वाजवत होता, मी गात होते, आणि गाणं संपता संपता मी धाडकन पडले. उपाशी पोरीला चक्कर आली, असं सगळ्यांनी ठरवलं, आणि तेव्हापासून मी चक्कर येणारी मुलगी झाले. ट्रेकला नको, हिला चक्कर येते. उन्हात नको, हिला चक्कर येते. पुढे इथे समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवरची नोकरी चालून आली, मला ती मनापासून हवी होती, तेव्हा आईपासून नवऱ्यापर्यंत सगळ्यांनी हेच कारण काढून मोडता घातला. शेवटी माझाही विश्वास बसला होता. मी समुद्रावर गेले नाही. समुद्रावरचे गेज माझ्याकडे येतात.

फुजैराला पोचलो तेव्हा लॉनला नुकतंच पाणी मारलेलं होतं. स्टेज म्हणजे व्हरांड्यासमोर अंथरलेला गालिचा. आम्ही आमचा छोटा ॲम्प्लिफायर आणला होता, पण घरमालक आग्रही. त्यांना मुलगी चाचा म्हणते. चाचांनी मुंबईहून भावाचा मोठा ॲम्प्लिफायर खास मागवून ठेवला होता. “ताई, इतकी पब्लिक आहे, तुमच्या डब्याचा आवाज मागेपर्यंत नाय जायचा. हा लावा, हेवी पीस आहे.” मी म्हटलं, लावा. मला त्यांच्या बायकोने, भाभींनी, आत नेलं, चहा दिला, त्यांच्या सासूबाईंनी ख्यालीखुशाली विचारली. तेवढ्या वेळात नवऱ्याने तो जोडून टाकला.

मी बाहेर आले तेव्हा मुलीची तयारी चालली होती. आवाज मागच्या भिंतीपर्यंत स्वच्छ जात होता, गुणगुणीचा मागमूस नाही. मी सर्वांत मागे उभी राहून छाती फुगवून ऐकत होते. माइक अजून स्टँडवर खाली वळलेला होता. कुणीतरी तिला काही विचारलं की ती वाकून माइकमध्येच उत्तर द्यायची, “यस, चाचा?” आणि लोक हसायचे. माइक तोवर बंद होता आणि तिच्या ओठांपासून दूर. मग चाचांच्या पुतण्याने माइकचा स्विच चालू केला, स्टँड वर केला, आणि ती तोंड पुढे नेऊन उंची बघायला लागली.

तेव्हा मला चमचा दिसला.

इथली सॉकेट चौकोनी तीन भोकांची. वरच्या अर्थिंगच्या भोकात काही घातल्याशिवाय खालच्या दोन भोकांची दारं उघडत नाहीत. भारतातून आणलेल्या गोल पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन जागेवर बसतच नाही. मग आपली माणसं काय करतात, तर वरच्या भोकात चमच्याचा दांडा नाहीतर पेन खुपसतात, दारं उघडतात, आणि दोन पिना दाबून बसवतात. मग चमचा काढून घेतात. मोबाइलच्या चार्जरसाठी मीही सुरुवातीला हे केलंय, करत नाही असं म्हणणारा खोटं बोलतो. पण चार्जर प्लॅस्टिकचा असतो. ह्या ॲम्प्लिफायरचा डबा लोखंडी होता, त्याची अर्थिंगची पिन बहुधा पकडीने मोडलेली होती, आणि त्या डब्याशी, मी स्वतः जोडलेल्या वायरने, मुलीच्या हाताखालच्या सगळ्या तारा जोडलेल्या होत्या. आत कुठे वीज डब्याला लागत असेल तर ती आत्ता तिच्या बोटांत होती. पायात रबरी बूट म्हणून तिला कळत नव्हतं. माइक मात्र वेगळ्या साउंड सिस्टीमचा, त्याला अर्थिंग व्यवस्थित. ओठ टेकले की विजेची वाट पूर्ण.

मी ओरडणार होते आणि ओरडले नाही. हाक मारली असती तर तिने काय केलं असतं ते मला माहीत होतं. वाकून माइकमध्ये विचारलं असतं, यस मम्मा?

मी खुर्च्यांच्या रांगेतून धावले. कुणाची तरी पर्स लाथेने उडाली, एका आजोबांच्या हातातलं सरबत सांडलं, ते काहीतरी म्हणाले. माझी नजर फक्त तिच्या ओठांवर होती. ती केस कानामागे घेत होती. मग तिने हात पुन्हा तारांवर ठेवला आणि पुढे झुकली. मी बोर्डापर्यंत पोचले, वायर मुठीत धरली आणि सगळ्या ताकदीने हिसडा मारला. प्लग उडून माझ्या गुडघ्यावर आपटला आणि ॲम्प्लिफायर धप्प करून गप्प झाला.

“मम्मा, व्हॉट आर यू डुइंग?” तिचा आवाज सबंध लॉनभर घुमला. ओठ माइकला टेकलेले होते. हात तारांवर होता.

मी गवतात बसूनच राहिले. नवरा धावत आला आणि त्याने पहिला प्रश्न विचारला, “चक्कर आली का?”

त्या क्षणी मी त्याला काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. गाडीतून मीटर आणायला लावला. मुलीला गिटार खाली ठेवून लांब उभं केलं. मग प्लग पुन्हा तसाच बसवला आणि मीटरची एक टोचणी तारेला, एक माइकच्या जाळीला लावली. आकडा दोनशे व्होल्टच्या वर गेला. चाचांनी तो वाकून वाचला. “ताई, मुंबईला भाऊ हाच वापरायचा,” ते हळूच म्हणाले, “कधी काय नाय झालं.” नंतर त्यांनी तो डबा स्वतः उचलून गॅरेजमध्ये नेऊन टाकला. कुणीतरी मागून “यल्ला, सुरू करा,” म्हणालं, त्याला भाभींनी गप्प केलं. नवरा आजही सांगतो की मेन बोर्डावरचा ब्रेकर पडला असता आणि काही झालं नसतं. पडलाही असता. त्या दिवशी मात्र तो चमचा हातात घेऊन किती वेळ नुसता उभा होता.

मुलगी आमच्या छोट्या ॲम्प्लिफायरवर गायली. मागेपर्यंत आवाज पोचला नसेल, मला काही ऐकू आलं नाही. मी पूर्ण वेळ प्लगकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दादाला फोन केला आणि सगळं सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, “ती कापलेली वायर तू जोडलीस?”

जोडणारच, मी म्हटलं. ती तशी ठेवायला मी काय खुळी आहे का? आणि मनात साठलेलं सगळं बाहेर आलं. बेढब बटणं, नेलपॉलिश, व्हॉल्व्ह ट्यूब, दोरा. इलेक्ट्रिकल ऑफिसर म्हणे. कुणी शिकाऊ पोरानेसुद्धा असलं काम केलं नसतं.

 

“तुला तेव्हा चक्कर आली नव्हती,” दादा म्हणाला.

मला आधी समजलंच नाही. मग त्याने सांगितलं. पूजेसाठी अंगण धुतलेलं, मी अनवाणी, एका हातात माइक. तो लाकडी खुर्चीवर, पायात स्लिपर, म्हणून त्याला काहीच कळलं नव्हतं. ॲम्प्लिफायरची अर्थिंगची पिन मोडलेली, ती त्यानेच मोडली होती, मांडवातल्या बोर्डात बसेना म्हणून. गाणं संपलं आणि मी नेहमीसारखा तारांवर तळहात ठेवला. “तुझा हात सुटेना,” तो म्हणाला. “मी तुला लाथ मारली, म्हणून तू पडलीस. लोकांना वाटलं चक्कर. मी हो म्हटलं.” त्याच रात्री त्याने वायर कापली, बटणं बदलली, आमच्या मोठ्या बहिणीच्या लग्नातलं नेलपॉलिश चोरून पट्टीवर लावलं. पुन्हा कुणीही ती गिटार कुठल्याही ॲम्प्लिफायरला लावली तरी तारांतून काही येणार नाही अशी त्याने ती करून ठेवली. मग वाजवायला घेतली, तर ती गुणगुणायला लागली, आणि ती गुणगुण ऐकवेना म्हणून माळ्यावर टाकली.

म्हणजे मी जी ठिगळं म्हटली ती त्याने माझ्यासाठी लावली होती. हे मला लगेच कळलं. पण मला भरून वगैरे आलं नाही. मला राग आला. ट्रेक, ऊन, उपास, सगळं सोडा. प्लॅटफॉर्मवरची नोकरी आली तेव्हा हा कुठे होता? मी त्याला तेच विचारलं. मी म्हटलं, तू स्वतः जगभर समुद्रावर हिंडलास आणि मला एका खोट्या चक्करवर जमिनीवर बसवून ठेवलंस. तो म्हणाला, सांगणार होतो, प्रत्येक सुट्टीत सांगणार होतो. मी फोन ठेवून दिला.

दिवसभर मी कुणाशी बोलले नाही. नवऱ्याने जेवायला बोलावलं तर मुद्दाम उपाशी राहिले. काही झालं नाही. पन्नाशी ओलांडल्यावर मला कळलं की मला उपास झेपतो.

संध्याकाळी मुलीची गिटार घेऊन टेबलाशी बसले. राग होताच, पण जूनही होता. पुण्याला ती कुठल्या हॉस्टेलवर, कुठल्या गॅदरिंगला, कुणी पिन मोडलेल्या डब्याला ही जोडेल, तिथे मी नसणार. किती चमचे मी बघणार होते? मी पुलाची वायर पुन्हा सोडवली. नुसती कापली नाही. तिच्या वाटेत मोठ्या व्होल्टेजला टिकणारा एक लहानसा कपॅसिटर बसवला. तो गुणगुण थोडीफार पिऊन टाकतो, पण माणसाला धरून ठेवील इतकी वीज पलीकडे जाऊ देत नाही. धातूची बटणं काढली, दादाची बेढब बटणं परत बसवली. पट्टीवर नेलपॉलिश लावलं. मुलगी शेजारी बसून बघत होती. मी तिला सगळं सांगितलं, तिच्या मामाचंही. “यू शुड कॉल हिम,” ती एवढंच म्हणाली, आणि मी नको म्हणायच्या आत तिने स्वतःच मामाला व्हिडिओ कॉल लावला.

दादा थकलेला दिसत होता. मी त्याच्याशी बोलले नाही. मुलीने फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला, गिटार जोडली, आवाज वाढवला. आणि आली. बारीक, पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी, पण होती, गुंऽऽ करून. माझा हात सवयीने बटणाकडे गेला. “मम्मा, इट्स हमिंग अगेन,” ती म्हणाली.

“गुणगुणू दे,” मी म्हटलं.

फोनमध्ये दादाने डोळ्यांवरचा चष्मा काढून बाजूला ठेवला. तिने फुजैरातलंच गाणं वाजवलं, ह्या वेळी मला ते सगळं ऐकू आलं. दादाचा डावा हात पडद्याच्या कडेला हलत होता, बोटं उगीचच कुठले कुठले सूर दाबत होती. गाणं संपलं, तिने हात उचलला. तारा वाजतच राहिल्या.

“तारा बंद कर,” दादा म्हणाला. तो मुलीला म्हणत नव्हता.

 मी हात पुढे केला आणि तळहात तारांवर ठेवला.